साहेबाचा फोन हाय, नीट बोल

"मेंढरं मोजता येतात ना? मग तेवढंच करायचं. कार्ड-बिर्ड तुमचं काम नाही."

असं म्हणाला तो साहेब. शिरूरच्या बँकेत, भर गर्दीत. काचेच्या आत बसून म्हणाला असंबी न्हाई. उठला, बाहेर आला, माझं पासबुक हातात धरलं आन् मग म्हणाला. म्हंजी कुणाला ऐकू यायचं राहू नये.

पगाराचा आठवडा होता. पेन्शनवाले म्हातारे, दोन-चार मास्तर, कंपनीतली पोरं, रांग पार दारापातुर. त्या सगळ्यांच्या पुढं माझी चौकशी चालली होती.

"पिन सांगितला तुम्ही? फोनवर? अनोळखी माणसाला?"

"बँकेचा मॅनेजर हाय म्हणला तो."

"अहो, पिनच्या पाकिटावर छापलेलं असतं, हा नंबर कोणालाही सांगू नका. वाचता येतं का तुम्हाला?"

"धाव्वी झालीय माझी."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडं उत्तर होतं. पाकीट मी डोळ्यानं बघितलंच न्हाई साहेब, असं म्हणायचं होतं. तवर त्यानं पासबुक उघडलं, आडनाव वाचलं, गाव वाचलं. "खुटबाव. दौंड तालुका. म्हणजे मेंढरंवाले तुम्ही." मी व्हय म्हणाले. खोटं काय त्यात? आज्ज्यापातुर आमच्यात मेंढरंच होती. आबांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, कळप विकला, खुटबावला जमीन धरली, आता ऊस करतात, कांदा करतात. लाजायचं काय हाय त्यात? पर त्यानं ते असं उच्चारलं की जसं काय मी बँकेत लेंड्या घेऊन आले. आन् मग ते मोजायचं बोलला. रांगेतला एक मास्तर फिदीफिदी हसला. दुसरा म्हणाला, "अशा लोकांपायी आपला टाइम जातो."

मी खाली बघत उभी. माझेच पैसे गेले होते, आन् चोर मीच असल्यागत मान खाली घालून उभी. अजून ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आता ते कसं घडलं ते सांगते.

लग्न मोडून मी माहेरी आले. त्याचं कारण सांगत बसत न्हाई, ती वेगळी रामकथा हाय. माहेरी बसून खायचं नव्हतं म्हणून रांजणगावला कंपनीत लागले, पॅकिंगला. तिथंच एक खोली भाड्यानं घेतली. कंपनीत लागले म्हणायचं आपलं. कंपनीच्या गेटातनं आत जायचे, कंपनीचा माल भरायचे, पर कंपनीची नव्हते. ठेकेदाराची होते. कंपनीच्या बायका कंपनीच्या बसनं यायच्या. आम्ही ठेकेदाराच्या, आम्हाला बसमध्ये चढायची बंदी. बस अर्धी रिकामी जायची, तरी बंदी. एकदा पाऊस होता म्हणून मी चढले, तर ड्रायव्हरनं गाडी थांबवून उतरवलं. "ए ठेक्यावाली, उतर." मधल्या रस्त्यात. तवाच मनात घेतलं, स्कूटी घ्यायची. जुनी का असंना. स्वतःची गाडी, न्हावऱ्यावरनं चौफुल्याला, तिथनं खुटबाव. कुणाला ये म्हणायचं न्हाई, कुणाचं उतर ऐकायचं न्हाई. त्यासाठी खात्यात पैसे ठेवत गेले. चहा सोडला, साडी न्हाई घेतली. शेजारच्या टेबलावर मुमताज भाभी असायची, शिरूरची, तिचा नवरा टेम्पो चालवायचा. ती मला चिडवायची, "स्कूटीवाली आली बघा, सरका." मला बरं वाटायचं ते.

आन् एका सुट्टीच्या दिवशी फोन आला.

मी खुटबावला होते. आबा ओट्यावर बसले होते, मी लसूण सोलत होते. मोबाईल नवा नवा होता तवा, वाजला की सगळं घर बघायचं. तिकडनं हिंदीत माणूस. "बैंक के हेड ऑफिस से मैनेजर बोल रहा हूँ. आपका एटीएम कार्ड बंद होनेवाला है."

मी उभी राहिले.

ऐकताय का? फोनवर बोलणारा माणूस, त्याला काय दिसतंय? पर मॅनेजर म्हणला आन् मी लसणाचं सूप बाजूला सारून उभी राहिले. डोक्यावर पदर घेतला. आबांनी हातानं खूण केली, कोण? मी हळूच म्हणाले, बँकेचा साहेब. आबांनी घरातल्या पोरांना गप केलं, रेडिओ बंद केला. मला म्हणाले, "साहेबाचा फोन हाय, नीट बोल."

नीट बोलले. कार्ड आणलं, त्यावरचा नंबर वाचून दाखवला. मागं छापलेले आकडे सांगितले. शेवटी तो म्हणाला, "पिन नंबर बताइए, नहीं तो इस महीने सैलरी नहीं आएगी." मी सांगितला. एका दमात. वर "थँक्यू सर" म्हणाले. आबा म्हणाले, "केवढा मोठा साहेब, आन् सोता फोन करतो." आम्हाला दोघांना अभिमान वाटला. अगं बया, अभिमान!

स्कूटीचे पैसे त्या दिवसातच गेले. मला कळलं ते एटीएमला गेल्यावर. मशीनमधनं चिठ्ठी आली, त्यात शिल्लक कायच न्हाई. चिठ्ठी उलटी करून बघितली, मागं काय छापलंय का म्हणून. मागं कोरं होतं.

आता कुणी म्हणेल, बाई येडीच हाय. अनोळखी माणसानं मागितला आन् हिनं दिला. बँकेतला साहेब तेच म्हणाला. मी पण पहिले तेच म्हणाले स्वतःला. सगळ्या रस्त्यानं, खोलीत, कामावर. येडी, अडाणी, मेंढरातली.

पर मी तो नंबर पहिल्यांदा दिला नव्हता ना. दर म्हैन्याला द्यायचे.

आमचं खातं कसं उघडलं ते ऐका. वरनं हुकूम आला, ठेक्यावरच्यांचा पगार पण बँकेतच झाला पाहिजे. कागदावर पगार पूर्ण. पर ठेकेदार आम्हाला तेवढा देत नव्हता. मग काय केलं त्यानं? बँकेचा माणूस रांजणगावच्या चौकातल्या त्याच्या ऑफिसात बोलावला. आम्ही बाहेर उन्हात रांगेत. एकेकीनं आत जायचं, अंगठा न्हाईतर सही करायची, बाहेर यायचं. कार्डं आली, पिनची पाकिटं आली, ती सगळी गठ्ठ्यानं ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या हातात. त्यानंच पाकिटं फाडली. प्रत्येक कार्डाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर मार्करनं नंबर लिहिला आन् मग कार्ड आम्हाला दिलं. माझा पिन मला कळायच्या आधी त्याला ठाऊक होता. माझ्या पाकिटावर छापलेलं ते 'कोणालाही सांगू नका' त्याच्या कचऱ्याच्या डब्यात गेलं.

पगार झाला की तो गेटवर उभा राहायचा. बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन. "कार्ड." आम्ही कार्ड टाकायचो. "नंबर तोच ना?" आम्ही व्हय म्हणायचो. तो मशीनवर जायचा, आम्हाला द्यायच्या पगाराच्या वरचं ठेकेदारासाठी काढून घ्यायचा, दोन दिवसांनी डबा परत आणायचा. बायका आपापलं कार्ड शोधायच्या, भाजीच्या पाटीत हात घालतात तशा. कुणी नंबर बदलला की त्याचा फोन यायचा. "साहेब बोलतोय. तुझं कार्ड चालत न्हाई. नवीन काय टाकला? सांग पटकन." सांगावाच लागायचा. न्हाई सांगितला तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद.

आता तुम्ही मला सांगा. साहेब बोलतोय, कार्ड चालत न्हाई, नंबर सांग पटकन. मला काय नवीन होतं त्यात? हिंदी तेवढी नवीन होती.

हे सगळं मला बँकेत उभं असताना सुचलं न्हाई. तवा मी नुसती घाबरले होते. त्या साहेबानं झापून झापून झाल्यावर पासबुक माझ्यापुढं टाकलं आन् म्हणाला, "गेलेले पैसे विसरा. पोलिसांत तक्रार द्यायची तर द्या. जुनं कार्ड बंद केलंय. नवीन येईल." मी बरं म्हणाले. निघाले. तर मागनं म्हणाला,

"कार्ड आणि पिनचं पाकीट तुमच्या ठेकेदाराकडे पाठवतो. नेहमीसारखं."

मी जी साहेब म्हणाले आन् बाहेर पडले.

चालत स्टँडपातुर गेले. तिथं रसवंतीच्या बाकड्यावर बसले. रस सांगितला न्हाई, नुसतीच बसले. रसवाला दोनदा विचारून गेला. गाडी आली, गाडी गेली. माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य घोळत होतं. ठेकेदाराकडे पाठवतो. नेहमीसारखं. ज्या तोंडानं मला अडाणी म्हणला, पिन कुणाला सांगतात का म्हणला, त्याच तोंडानं, श्वास पण मधी घेतला न्हाई मेल्यानं, आन् म्हणतो पाकीट ठेकेदाराकडं. म्हंजी मी माझा नंबर दुसऱ्याला दिला तर मी मेंढरं मोजायच्या लायकीची. आन् ह्यानं माझा नंबर दुसऱ्याला दिला तर ते नेहमीसारखं.

आन् तवा मला त्या साहेबाचा चेहरा आठवला, आधी कुठं बघितलेला. चष्मा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. चौकातल्या ऑफिसात खुर्चीवर बसून थंडा पीत होता तो. तवा आलेला बँकेचा माणूस हाच, पाकिटांचा गठ्ठा त्यानंच दिला होता.

 रडू न्हाई आलं मला. राग होता. इतकी वर्षं असला राग मला नवऱ्याचा पण आला नव्हता. मी उठले आन् परत बँकेत गेले. रांगेत उभी राहिले न्हाई, सरळ काचेपाशी. मास्तर म्हणाला, "ओ बाई, लाइन." मी म्हणाले, "माझी लाइन मगाशी झालीय."

साहेबानं वर बघितलं. "आता काय?"

"पाकीट माझ्या हातात पायजे. ठेकेदाराकडं न्हाई पाठवायचं."

"असं एकेकाचं वेगळं करता येत नाही. कंपनीचे सगळे एकत्र जातात."

"तुम्ही मगाशी म्हणला, कुणालाच सांगायचा न्हाई. ठेकेदार कुणात बसतो?"

"काय?"

"कुणालाच सांगायचा न्हाई म्हणला. मग ठेकेदार कुणात बसतो? इचारते मी."

 तो उभा राहिला. "आवाज खाली."

"मगाशी तुमचा वर होता की. मला मेंढरं मोजायला लावलं तवा. त्या दिशी ऑफिसात पाकिटं सुपरवायझरच्या हातात कुणी दिली, साहेब? तुम्हीच दिली. मी बाहेर उन्हात होते, पर दार उघडं होतं."

त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग बसला. मग एकदम गोड आवाजात, "बसा ना तुम्ही." मी न्हाई बसले. म्हणाला, "ठीक आहे, पंधरवड्यानं या. सही करून तुम्हीच घेऊन जा." पैशाचं विचारलं तर पुन्हा तेच, ते विसरा. पोलिसांत गेले. तिथल्या माणसानं फोन नंबर बघितला, म्हणाला बाहेरच्या राज्यातला हाय, आता ह्याला कुठं शोधायचा. स्कूटी गेली ती गेलीच. कुणी मला परत दिली न्हाई, आन् कुणी देईल अशी आशा पण मी ठेवली न्हाई.

पंधरवड्यानं पाकीट घेतलं. बँकेबाहेर पायरीवर बसून फाडलं. आत कागद. वर आकडे, खाली ते वाक्य. कोणालाही सांगू नका. मी ते धाव्वी पास बाईसारखं मोठ्यानं वाचलं. मशीनवर जाऊन नंबर बदलला आन् त्या कागदाचे बारीक बारीक तुकडे केले.

पगार झाला. सुपरवायझर गेटवर, पत्र्याचा डबा. त्याला माझी बातमी आधीच लागली होती. सगळ्या लाइनीवर त्यानंच पसरवली. मी दिसले की म्हणायचा, "हॅलो, मैं मॅनेजर बोल रहा हूँ," आन् पोरं खिदळायची. त्या दिवशी पण तेच. "हॅलो मॅडम, कार्ड डालो."

माझ्यापुढं मुमताज भाभी होती. तिनं कार्ड टाकलं. माझ्याकडं बघितलं न्हाई. घरी तिच्या नवऱ्याचा टेम्पो बंद पडला होता, मला ठाऊक होतं. तिला बोल लावत न्हाई मी.

माझा नंबर आला.

"कार्ड."

"न्हाई."

"विसरली व्हय? उद्या आण. नंबर सांगून ठेव."

"कार्ड हाय. देणार न्हाई. नंबर पण न्हाई सांगणार."

तो हसला. अजून त्याला गंमतच वाटत होती. "अगं, त्या भामट्याला फुकटात दिलास. आन् ज्यानं तुला काम दिलं त्याला न्हाई?"

हे मला लागलं. खरं सांगते, काळजात लागलं. कारण बायका पण हसल्या. एक क्षण वाटलं, द्यावं आन् गप लाइनीवर जाऊन उभं राहावं. पोटाचा प्रश्न होता, खोलीचं भाडं होतं. मग तोंडातनं आपसूक निघालं.

"त्याला दिला कारण तुम्ही सवय लावली. दर म्हैन्याला साहेब म्हणून मागायचा, आन् आम्ही द्यायचा. तो बी साहेब म्हणला. मला फरक कसा कळणार? तुमच्यात आन् त्याच्यात फरक काय हाय, सांगा की. तो लांबनं काढतो, तुम्ही जवळनं."

हसणं बंद. त्यानं माझ्या गळ्यातला गेटपास धरला आन् ओढला. दोरी तुटली न्हाई, मान खसकन पुढं आली. मग मीच दोरी डोक्यातनं काढून त्याच्या डब्यात टाकली. म्हणाला, "उद्यापासनं गेटवर दिसू नको. रांजणगावात कुठं लागतीस ते बघतो."

त्यानं बघितलं. खरंच बघितलं. तीन गेटांवर फिरले, तिन्हीकडं नाव सांगितलं की जागा न्हाई. खोली सोडली. ट्रंक घेऊन जीपनं खुटबावला आले. मग कासुर्डीजवळ हायवेला एका रोपवाटिकेत काम मिळालं. पिशव्यात माती भरायची. पगार कमी. पर तो माझ्या खात्यात येतो आन् मीच काढते.

एके दिवशी सुपरवायझर मोटरसायकलवर खुटबावला आला. का, तर माझ्यामागं आणखी काही बायकांनी कार्ड टाकायचं बंद केलं होतं. मुमताज भाभीनं पण, असं मागनं कळलं. त्याला वाटलं, मला परत घेतलं की बाकीच्या गप बसतील. ओट्यावर बसला, चहा घेतला. आबांना म्हणाला, "आबा, पोरगी हुशार हाय तुमची. पर्मनंटचं बघू पुढं-मागं. फकस्त जुन्या पद्धतीनं वागायचं." आबांनी माझ्याकडं आशेनं बघितलं. "जा की बाई. कंपनी ती कंपनी. नंबर काय, सांगून टाकायचा."

"न्हाई आबा."

तो गेला. आबा दोन दिवस माझ्याशी धड बोलले न्हाईत. तिसऱ्या दिवशी उसाला पाणी धरलं होतं, मी बांधावर भाकरी घेऊन गेले. हात धुता धुता म्हणाले, "एक ऐक. त्या सुपरवायझरला नको सांगू, बरं केलंस. पर मला तरी सांगून ठेव. तुला उद्या काय झालं तर? बाप हाय मी तुझा."

माझा बाप. आयुष्यभर उन्हात राबला, कुणाचं दोन पैसे बुडवलं न्हाई. मी लग्न मोडून आले तवा गावात एक शब्द ऐकून न घेणारा. त्याला न्हाई कसं म्हणायचं? मी त्यांच्याकडं बघत राहिले. तलाठी आला की उठतात. ग्रामसेवकाच्या पोराला पण अहो-जाहो करतात. कुणी चढ्या आवाजात बोललं की आधी चप्पल काढतात आन् मग काय म्हणतोय ते ऐकतात. माझ्या आधी किती वर्षं त्यांना ही सवय लावलीय. माझी तरी कंपनीतली होती, त्यांची जन्माची.

"न्हाई आबा. तुम्हाला बी न्हाई."

"माझ्यावर इस्वास न्हाई?"

"तुमच्यावर हाय. साहेब म्हणून कोण फोन करंल, त्याच्यावर न्हाई. तो इचारंल आन् तुम्ही सांगाल. मला ठाऊक हाय, तुम्ही सांगाल."

आबांची भाकरी तशीच हातात राहिली. त्यांना लागलं, मला दिसलं. माझा पण जीव तुटला. जवळ जाऊन कानात सांगावा असं वाटलं, चार आकडे तर हायत.

न्हाई सांगितला. माझ्या घामाचं हाय ते, त्याला हात लावायचा तर मलाच विचारायचं. मोठ्या आवाजात मागा, गोड आवाजात मागा, बाप म्हणून मागा. न्हाई म्हंजी न्हाई.